गाण्यानंतरचे सात सेकंद

अन्याय झाला तो काकांवर, म्हणजे माझ्या घरमालकांवर, आणि त्यांच्या आईवर. कधी? गेल्या वर्षी, मार्चमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. कुठे? सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिलमध्ये, किराणा दुकानांच्या मागच्या गल्लीतल्या एका विटांच्या घरात. त्या घराची मागची खोली तेव्हा माझ्याकडे भाड्याने होती. कुरिअरवाल्याने दारात एक चपटं चौकोनी खोकं ठेवलं, ‘चिअर्स मेट’ म्हणाला आणि गेला. खोक्यात इंग्लंडहून आलेली, एका जुन्या बँडची नव्याने काढलेली रेकॉर्ड होती. सोबत जाड कागदाची पुस्तिका. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेलं: सरावाचं ध्वनिमुद्रण, अज्ञात. मुखपृष्ठाची छपाई, अज्ञात. शेवटी ऐकू येणारा स्त्रीचा आवाज, अज्ञात, बहुधा परदेशी रेडिओवरून.

तीन वेळा अज्ञात. आणि ज्याने ते मुद्रण केलं, ज्याने ते मुखपृष्ठ स्वतःच्या हाताने छापलं, तो माणूस माझ्यासमोर सोफ्यावर बसून चष्म्याची काच स्वेटरला पुसत होता. ती ‘परदेशी रेडिओ’ म्हणजे त्याची आई. मुक्काम सोलापूर.

मी भडकले. काका म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.”

काका असेच होते. कुठल्याही गोष्टीला आधी बोट लावून बघायचे. चाळीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात आले तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी पॅरामॅटाच्या एका सरकारी कचेरीत गणवेशांचं कापड तपासायचं काम केलं. बसड्रायव्हर, नर्सेस, तुरुंगाचे पहारेकरी, सगळ्यांचे शर्ट त्यांच्या हाताखालून गेलेले. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना. लाइट रेलच्या ट्राममध्ये शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची बाही चिमटीत धरून ते म्हणायचे, “पॉलिस्टर-सूत, साठ-चाळीस. दोन धुण्यांत गोळे येतील.” माणसं चमकायची. काकू खिडकीबाहेर बघायच्या. काकू डॉक्टर; सत्तरीच्या आसपास, तरी आठवड्यातून तीन दिवस क्लिनिकला जायच्या. “ह्यांना सूत कळतं,” त्या म्हणायच्या, “समोरचा माणूस चिडलाय हे कळत नाही.”

माझी त्यांची भेटही कागदाला बोट लावण्यातूनच झाली. मी ॲडलेडच्या मॉसन लेक्स कॅम्पसला शिकले, डिग्री घेऊन सिडनीला आले आणि सहा मुलींच्या एका शेअर घरात राहायला लागले. एका सोमवारी शिफ्टवरून परत आले तर कुलूप बदललेलं, माझी बॅग अंगणात. नोटीस नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भाडेकरू गटाची पत्रकं घेऊन वेंटवर्थव्हिल स्टेशनबाहेर उभी राहिले. डोकं तापलेलं. लोक पत्रक घेत होते आणि पुढच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र घेतलं, अंगठ्याने चोळून पाहिलं, उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्याकडे परत आले. कपाळावर ‘मराठी’ लिहिलेलं असतं की काय कोण जाणे. सरळ मराठीतच सुरुवात.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“फार ओरडतेस. कोण ओरडतंय ते मात्र कळत नाही.”

मी म्हटलं, “काका, हा हक्कांचा प्रश्न आहे.”

“असेल. पण वाचणारा ट्रेन पकडायला निघालाय. त्याला एकच ओळ वाचता येते. तुझ्या पहिल्या ओळीत ‘व्यवस्था’ आहे. व्यवस्थेला कुणी घराबाहेर काढलं? माणूस कोण? कधी काढलं?”

“मला काढलं,” मी म्हटलं. “काल. सव्वासहाला.”

त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, “अगं, मग ते लिही की.” आणि पाठोपाठ, “बॅग कुठाय तुझी?”

संध्याकाळी मी त्यांच्या मागच्या खोलीत होते. मी ठणकावून सांगितलं की लेखी करारनामा हवा. ते खूश झाले. जेवण होईपर्यंत करारनामा तयार. सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत. कायद्याला लागतं ते सगळं होतं. शेवटचं कलम त्यांचं स्वतःचं: ‘भाडेकरूने आठवड्यातून किमान एकदा घरमालकाशी मुद्द्याला धरून भांडावे.’ मी सही केली. तेवढं एक कलम मी कधी मोडलं नाही.

आता बँडबद्दल. नाव लिहीत नाही. रेकॉर्ड कंपनीचे वकील ह्याचं भाषांतर करून घेणार असतील तर त्यांनाही थोडे कष्ट पडू देत. उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं एक गाव, आणि तिथली चार पोरं. काका सोलापूरहून तिथे कापडाचं तंत्रज्ञान शिकायला गेले होते. त्यांची खोली एका लाँड्रीच्या वर, आणि लाँड्रीच्या तळघरात ही पोरं वाजवायची. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी काका तक्रार करायला खाली गेले. ते चौघे घाबरले, कारण काकांनी टाय लावला होता. काका म्हणाले, “तुमचा ड्रम माझ्या पलंगाखाली वाजतोय.” ड्रमर म्हणाला, “कसा वाजतोय?” काका म्हणाले, “उशिरा वाजतोय. प्रत्येक वेळी थोडासा उशिरा.” त्या बँडवर झालेली ही पहिली समीक्षा, असं काका म्हणायचे.

मग ते रोज खाली जायला लागले. गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. पण सगळ्या इमारतीत टेपरेकॉर्डर एकट्या काकांकडे होता.

बँडचा इतिहास काकांच्या तोंडून ऐकायचा तर नाश्त्याला. पोह्यांची बशी हातात आणि मागे रेकॉर्ड चालू. सकाळी साडेसातला. शेजारच्या ग्रीक आजी सुरुवातीला कुंपणावरून हात जोडायच्या. नंतर त्यांचा पायही ठेका धरायला लागला. “गिटारवाला कसा सोडून गेला माहितीय? त्याच्या बहिणीचं लग्न, आणि ह्याने केस हिरवे केलेले. आई म्हणाली, एक तर केस नाहीतर लग्न. गेला बिचारा केस कापायला, तो परत आलाच नाही. आता विमा कंपनीत मोठा साहेब आहे.” एक छोटी रेकॉर्ड, एक मोठी, आणि काकांनी भरलेले सरावाचे टेप. दोन वर्षांत सगळं आटोपलं. पण तेवढ्यावर जगभरात लोक वेडे झालेले. ब्राझीलमधला कुणीतरी त्या गाण्यांच्या तारखा लावत बसतो, जपानमधला कुणीतरी मुखपृष्ठं जमवतो.

त्या मुखपृष्ठाची गोष्ट काका हळू आवाजात सांगायचे, कारण त्यात त्यांची लाज होती. छोट्या रेकॉर्डची पाकिटं त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत छापली, कापड छपाईच्या फ्रेमवर. काळ्यावर लाल. देखणं काम. पण सवयीने शाईही कापडाचीच वापरली. कापडाची शाई इस्त्रीच्या उष्णतेने पक्की होते. ती कागदावर नुसती बसून राहिली. ज्याने ज्याने रेकॉर्ड हातात घेतली त्याचा अंगठा लाल. आज त्याच लाल डागांवरून अस्सल प्रत ओळखतात. पुस्तिकेत एका विद्वानाने दीड पान लिहिलंय की ऐकणाऱ्याचे हात रक्ताने माखावेत ही त्यामागची राजकीय भूमिका होती.

“भूमिका कसली,” काका म्हणाले. “इस्त्री राहिली.”

सेफ्टी पिनांबद्दलही त्यांचं एक मत होतं. त्या काळी ती पोरं जाकिटाला पिना लावायची आणि पेपरवाले त्यावर लेख लिहायचे. काका काकूंच्या बांगडीला अडकवलेल्या चार पिना दाखवून म्हणायचे, “आमच्याकडच्या बायका शंभर वर्षं हे करतायत. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही.”

“लिहू पण नका,” काकू म्हणायच्या. “मला साडी नेसायची असते.”

तर तो शुक्रवार. पुस्तिका वाचून झाल्यावर काकांनी रेकॉर्ड लावली. काकू क्लिनिकहून आल्या होत्या, बूट काढत होत्या. शेवटच्या बाजूला सरावाचे टेप होते. शेवटचं गाणं संपलं, झांज हलत राहिली, खट्ट असा आवाज झाला आणि एक बाई बोलायला लागली. स्वच्छ मराठी. “…गॅलरीत वाळत घातल्यात. आणि हो, तुला एक सांगायचं राहिलंच, ते…” आणि आवाज हळूहळू बुडाला. कंपनीच्या कुण्या हुशार माणसाने तो तिथे विरवून टाकला होता. मी नंतर मोजलं, सात सेकंद.

काकूंच्या हातात एक बूट तसाच. “ह्या त्या?” त्यांनी विचारलं. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. काकूंनी त्यांना फोटोतच पाहिलेलं.

काकांनी मान हलवली. आणि सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली.

रात्रीच्या जेवणाआधी सगळं बाहेर आलं. त्या काळी परदेशातल्या पोरांना घरून पत्रांऐवजी कॅसेट यायच्या. आईने एका बाजूला बोलायचं, पाठवायची. पोराने त्यावरच आपलं भरायचं, परत पाठवायची. एकच कॅसेट सहा-सहा महिने समुद्र ओलांडत राहायची. काका मात्र आईच्या कॅसेटवर त्या पोरांचं गाणं भरायला लागले. आईला काय, नवी विकत घेऊन पाठवायचे. गाणं जिथे संपायचं तिथे खालचा आईचा आवाज उरायचा. पुढच्या हिवाळ्यात आई गेली. काकांना जाता आलं नाही. इंग्लंड सोडताना त्यांनी सगळे टेप ड्रमरला देऊन टाकले. घरात ठेवावेसे वाटेनात.

“मी आईला पुसलं,” काका म्हणाले. आवाजात नाटक नाही. कापडाचा दोष सांगावा तसं. “काय सांगायचं राहिलं होतं तिचं? ऐकलं असणार मी तेव्हा. एकदाच. आठवत नाही.”

त्यांना एवढंच हवं होतं. पुढचं वाक्य.

आणि आता माझा गुन्हा. मी पत्रक लिहिणारी. माझा हात शिवशिवत होता. काका म्हणाले होते, “घाई नको. आधी ड्रमरचा पत्ता काढू, त्याला विचारू.” मी ‘हो’ म्हटलं आणि सोमवारी माझ्या पॅरामॅटाच्या ऑफिसात, लंचमध्ये, कंपनीला ईमेल ठोकली. वसाहतवाद, श्रमाची चोरी, परवानगीशिवाय वापरलेला स्त्रीचा आवाज. सात मागण्या, आकडे घालून. उत्तर न आल्यास कायदेशीर कारवाई. खाली ‘यांच्या वतीने’ म्हणून माझी सही. पाठवलं तेव्हा मला फार छान वाटलं, हे लपवत नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘आक्षेप घेतलेला भाग सर्व डिजिटल आवृत्त्यांतून तत्काळ काढून टाकण्यात आला आहे. यापुढील पत्रव्यवहार आमच्या वकिलांशी करावा.’ मी फोनवर गाणं लावलं. झांज वाजली आणि शांतता. खट्ट नाही, गॅलरी नाही, काही नाही. ‘अज्ञात’ असलेल्या बाईला मी ‘नाही’ करून टाकलं होतं. आणि मूळ टेपबद्दल विचारायचं ते दारही आपणच आपटून बंद केलं होतं.

ट्रेनमध्ये दोन स्टेशनं रडले. घरी काका फरसबी चिरत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटलं, आता करारनाम्यातलं नोटीस कलम लागू होणार. त्यांनी सुरी ठेवली, हात पुसले.

“पत्र दाखव.”

मी फोन पुढे केला. “असं नाही. कागदावर.” मी छापून आणलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि एकेक मागणी वाचून पुढे बारीक टिंब देत गेले. सात टिंबं झाली. मग पहिल्यापासून पुन्हा बघितलं.

“ह्यातली माझी कुठली?”

मी बघितलं. श्रेय होतं, माफी होती, मोबदला होता, जाहीर निवेदन होतं. पुढचं वाक्य ऐकू द्या, हे कुठेच नव्हतं.

“चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले. “पण ह्यात मीच नाहीये. त्या पुस्तिकेत नाही तसाच.”

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. आमच्या गटात मला तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं ते ह्या माणसाने फरसबी चिरता चिरता शिकवलं, आणि मला घराबाहेर काढलं नाही. उलट म्हणाले, “बस, दोरे काढ ह्याचे.” मी फरसबीचे दोरे काढत बसले. तेव्हापासून मी कुणासाठीही काहीही लिहिण्याआधी त्या माणसासमोर बसून विचारते: तुला काय हवंय? उत्तर दर वेळी मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान असतं. आणि मिळवायला दर वेळी जास्त अवघड.

पत्ता काढायची जबाबदारी माझी. ब्राझीलवाल्याने एका दिवसात दिला. ड्रमर आता निवृत्त बसड्रायव्हर, त्याच गावात. काकांनी त्याला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. मला पेनला हातही लावू दिला नाही. ‘तू अजून उशिरा वाजवतोस का? शेवटच्या टेपवर गाण्यानंतर माझी आई बोलते. ती पुढे काय म्हणते ते मला ऐकव.’ खाली फोन नंबर.

सहा आठवडे काहीच नाही. काका रोज दुपारी पत्रपेटी उघडायचे आणि तिच्या झाकणाला तेल घालत होतो असं दाखवायचे. मग जूनमध्ये, एका शनिवारी संध्याकाळी सहाला, हीटरपाशी आम्ही तिघं बसलेलो असताना फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

“मेलास की आहेस?” पलीकडून आवाज.

“आहे. तू?”

“गुडघे गेले. बाकी आहे.”

पंचेचाळीस वर्षांचं संभाषण तेवढ्यात संपलं. ड्रमर म्हणाला, कंपनीने टेप उसने नेले होते, परत दिलेत, बिस्किटांच्या डब्यात आहेत. पोस्टावर त्याचा भरवसा नव्हता. स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरी केली होती म्हणे. जावयाकडून जुना टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता. “लावू?”

काकांनी फोन काकूंकडे सरकवला. काकूच म्हणाल्या, “येस, प्लीज.”

तळघरातलं ते गाणं फोनमधून पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं आलं. झांज. खट्ट. मग काकांच्या आई.

“…गॅलरीत वाळत घातल्यात. आणि हो, तुला एक सांगायचं राहिलंच, ते कॅसेटचं. तू नवी कॅसेट विकत घेऊन पाठवलीस म्हणे. कशाला रे? हीच पुसायची, हीच धाडायची. मी काय, रोजच बोलते. माझं काय ठेवायचंय त्यात? तुझ्याकडचं ऐकव काहीतरी. खाली ती पोरं बडवतात म्हणालास ना, तेच भर. इथे सगळ्यांना ऐकवीन. बरं, आता हे बंद कसं करायचं? अगं शकू, कुठलं बटण ते? लाल का? हे ला…”

खट्ट.

ड्रमर अधीर झाला. “काय म्हणाली? काय म्हणाली ती?”

काकांनी चष्मा काढला. “मशीन बंद कसं करायचं ते विचारत होती,” ते इंग्रजीत म्हणाले. आणि मग इतके हसले, इतके हसले की काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मी बघितलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. चौघांचा टाकला; एक जण पृथ्वीच्या पलीकडे आहे हे ध्यानातच आलं नाही.

बाहेर काका ड्रमरला सांगत होते, “तिने तुझं वाजवणं मागितलं होतं. मी पाठवलंच नाही कधी.”

“बरं केलंस,” ड्रमर म्हणाला. “उशिरा वाजवायचो मी.”

कंपनीने माफी मागितलेली नाही. पुस्तिकेत अजून तीन अज्ञात आहेत. मी ते सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण आता यादीत एकच मागणी आहे आणि ती काकांनी स्वतः सांगितलेली आहे: आईचं नाव छापा, माझं राहिलं तरी चालेल. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. मी ती खोली सोडून वर्ष होत आलं, तरी कलम पाळते.

आणि आता तुम्ही. हो, तुम्हीच, मराठी वाचणारे. तुमच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, आईवडिलांच्या कपाटात अशी एक तरी कॅसेट आहे. वर सिनेमाची गाणी लिहिलेली, आणि त्याखाली कुणीतरी बोलतंय. मशीन नाही म्हणून तुम्ही ती ऐकलेली नाही, आणि पुढच्या घरबदलीत टाकून देणार आहात. टाकू नका. काकांनी दोन टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेत. दर शनिवारी दुपारी चारपासून त्यांच्या गॅरेजचं दार उघडं असतं. वेंटवर्थव्हिलच्या कुठल्याही किराणा दुकानात ‘कापडवाले काका’ विचारा. या शनिवारी या. कॅसेट आणा, आणि तो आवाज ओळखू शकेल असं घरात जे कुणी शेवटचं उरलंय, त्या माणसाला गाडीत बसवून सोबत आणा.